मावशी नसलेली घरं

मी बदलापूरच्या एका शाळेत क्लार्क आहे. सोळा वर्षं झाली. जूनमध्ये ॲडमिशनला जे कागद माझ्या टेबलावर येतात ना, ते बघून माणसांवरचा विश्वासच उडतो. जन्मदाखल्यावर व्हाइटनर, उत्पन्नाच्या दाखल्यावर भलत्याच तालुक्याचा शिक्का, भाडेकरारावर चार वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची सही. मी कागद ट्यूबलाइटसमोर धरते, त्यावरून बोट फिरवते आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे बघते. खोटं बोलणारा माणूस आधी पिशवीत काहीतरी शोधायला लागतो, हे मला आता पाठ झालंय. ही सवय ऑफिसला कुलूप लावलं म्हणून संपत नाही. दूधवाला असो की नणंद, माझी नजर तीच. नवरा म्हणतो, लग्नाआधी तू माझेही ओरिजिनल मागून घ्यायला हवे होतेस.

तीन वर्षांपूर्वी एक फोन आला. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याला डुशेन आहे. स्नायूंचा आजार. पोरगं आधी चालताना पडायला लागतं, मग जिना सुटतो, मग जमिनीवरून उठणं सुटतं, मग व्हीलचेअर येते. औषध म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या आणि व्यायाम. त्यापुढचं विचारलं की डॉक्टर फाइल चाळायला लागतात. फोनवरच्या माणसाने अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सांगितलं की दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी अंबरनाथला एका विहाराच्या हॉलमध्ये याच आजाराची घरं जमतात, तुम्हीपण या, फी काही नाही, चहा-नाश्ता आहे. फी नाही म्हटल्यावर माझे कान टवकारले. माझा नंबर कुठून मिळाला, मी विचारलं. म्हणाले, हॉस्पिटलात तुम्हीच फॉर्मवर लिहिला होता. फॉर्म भरणं हा माझा धंदा आहे, पण त्या दिवशी मी काय काय लिहिलं होतं ते मला खरंच आठवत नव्हतं.

गेले. नवऱ्याला म्हटलं, बघून तर येऊ काय विकतात ते. हॉलच्या पायऱ्यांवर त्यांनी एक जाड प्लायवूडची फळी टाकली होती, व्हीलचेअर चढवायला. फोन करणारे काका दारातच उभे होते. सिंधी, उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये कापडाचं दुकान. त्यांचे दोन्ही मुलगे याच आजाराचे, थोरला गेलेला, धाकटा खुर्चीत. ते सगळ्या बायकांना 'अदी' म्हणायचे, सिंधीत म्हणजे ताई. मी पहिले तीन-चार महिने पर्स मांडीवर घट्ट धरून दाराजवळच्याच खुर्चीवर बसले. वड्यांचे पैसे कोण देतं, फोटो कशाला काढतात, नावनोंदणीच्या वहीत आमचा पत्ता कशाला पाहिजे, सगळं विचारून झालं. काका न चिडता उत्तरं द्यायचे, त्याचाही मला संशय यायचा. एकदा मात्र एक जण खरोखरच ताकदीच्या पावडरचे डबे घेऊन आला. मी डब्यावरचा लायसन नंबर वाचून दाखवा म्हटलं, तर तो डबाच फिरवत बसला आणि पुढच्या महिन्यापासून दिसला नाही. तेव्हा माझा स्वभाव अगदीच वाया गेला असं कुणी म्हणू नये.

पण पोरगं रमलं. शाळेत त्याच्याकडे बघणारे डोळे वेगळे आणि इथे वेगळे. इथे पाच-सहा खुर्च्या हॉलभर पळायच्या, एकमेकांना धडकायच्या, आणि कुणाची आई "सांभाळून" म्हणून ओरडायची नाही. त्याच्यासाठी म्हणून मी जात राहिले.

आता खरं सांगते, मी दाराजवळ बसायचे ते काही नुसती पावडरवाल्यांच्या भीतीने नाही. हा आजार आईकडून येतो. आईला काही होत नाही, ती धडधाकट असते. तिच्या रक्तातून तो पुढे जातो आणि फटका मुलग्यांना बसतो. मुलाचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी माझंही रक्त तपासलं. आहे, म्हणाले. मग एका चिठ्ठीवर लिहून दिलं की रुग्णाच्या आईला बहिणी असतील तर लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी त्यांचीही तपासणी करून घ्यावी. मी ती चिठ्ठी चार घड्या घालून फाइलच्या मागच्या कप्प्यात ढकलली.

मला एकच बहीण आहे. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. ती उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यात हिशेब बघते. तेव्हा अंबरनाथला आईसोबत राहायची, पण संध्याकाळी कामावरून आधी आमच्याकडे यायची. माझ्या मुलाला फिजिओला नेणारी ती, त्याला उचलून संडासात बसवणारी ती, रविवारी त्याचे केस कापणारी पण तीच. तो मला आई म्हणतो, पण हाक आधी मावशीला मारतो. आणि मी तिला सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की पोराला स्नायूंचा आजार आहे, नशिबाने झाला.

आईला सांगितलं होतं. आई बराच वेळ चपातीचं पीठ मळत राहिली. मग म्हणाली, तुझ्या मामाला पोलिओ झाला होता असं आम्ही सांगायचो, पण तो पोलिओ नव्हता. मामा सतरा वर्षांचा असताना गेला, मी त्याला फोटोतच पाहिलाय. मला इतका राग आला की मी भांडी आपटली. पण आई पुढे म्हणाली की धाकटीचं लग्न होऊ दे, मग सांग काय सांगायचं ते, आणि मी तिचं ऐकलं. कारण ऐकायला सोपं होतं.

त्यात एक स्थळ येऊन गेलं होतं. मुलाकडचे आईच्या घरी आले, कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली माझ्या मुलाची व्हीलचेअर त्यांनी बघितली, पोहे खाल्ले, छान छान म्हणाले, आणि नंतर फोन उचलेनात. त्यानंतर कुणी बघायला यायचं असलं की आम्ही माझ्या मुलाला शेजाऱ्यांकडे नेऊन बसवायचो, मोबाइल हातात देऊन. हे लिहिताना मला लाज वाटते. पण तेव्हा वाटली नाही, तेव्हा ते शहाणपण वाटायचं.

दुसरं स्थळ गेल्या वर्षी आलं. मुलगा उल्हासनगरचा, कंपनीत सुपरवायझर, स्वभावाने शांत. धाकटीला पसंत होता. एरवी मनातलं कुणाला कळू न देणारी ही मुलगी त्याचं नाव निघालं की ओढणी नीट करायला लागायची. साखरपुड्याचं ठरत होतं आणि तिकडची माणसं चौकशी करत होती. आमच्यात पत्रिका कुणी बघत नाही, पण चौकशी होते ती अशी की सीआयडी परवडली. कुणाच्या ऑफिसात कोण, कुणाच्या बिल्डिंगमध्ये कोण, सगळीकडून विचारणा. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते.

आणि नेमकी त्याच महिन्यात विहाराच्या हॉलमध्ये एक नवी बाई आली.

तिशीची असेल. साधा पंजाबी ड्रेस, हातात छत्री, बरोबर मूल नाही. शेवटच्या रांगेत बसली. वड्याची प्लेट समोर आली तर नको म्हणाली. आमच्या ग्रुपमध्ये मूल न घेता कुणी येत नाही, आणि वडा तर कुणीच सोडत नाही. मी तिच्यावरून नजर हटवली नाही. तिने दोन-तीन बायकांशी बोलून घेतलं आणि मग माझ्या बाजूला येऊन बसली. कुठून आलात, विचारलं. बदलापूरचं शिरगाव, मी म्हटलं. माहेर? मी सांगितलं नाही, उलट तिलाच विचारलं. वांगणी, म्हणाली. मग माझ्या मुलाकडे बघत तिने हळूच विचारलं की हा किती वर्षांचा असताना तुम्हाला पहिल्यांदा कळलं, आणि लगेच पुढे, तुम्हाला बहिणी किती?

झालं. ही मुलाकडची आहे, चौकशीला पाठवलेली आहे, यात मला तिळमात्र शंका उरली नाही. मी म्हटलं, मी एकुलती एक. तिने मान डोलावली आणि ती छत्रीची मूठ चोळत बसली.

त्याच दिवशी कार्यक्रमात वंशावळीचा खेळ होता. खेळ म्हणायचं, बाकी काम गंभीरच. एक तरुण मॅडम मुंबईहून यायच्या, आनुवंशिक आजारांबद्दल घरच्यांना समजावून सांगणाऱ्या. त्यांनी प्रत्येक घराला एक कार्डशीट आणि स्केचपेन दिलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजार असलेला चौकोन काळा करायचा. आजी-आजोबांपासून खाली यायचं आणि कुणालाही वगळायचं नाही, त्या दोनदा म्हणाल्या. माझ्या मुलाला चित्रकलेचं वेड, त्याने पेन आपल्याकडेच घेतलं. आजीचा गोल, आजोबांचा चौकोन, त्याखाली माझा गोल. मग माझ्या गोलाशेजारी त्याने अजून एक गोल सुरू केला. ती वांगणीची बाई मागून बघत होती. मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि तो अर्धा गोल झाकला जाईल अशी आमचं आडनाव लिहायची चौकट त्यावर काढली, चांगली जाड.

"आई, मावशी?" तो म्हणाला.

मी म्हटलं, कागदावर जागा नाही. कार्डशीट चांगली टेबलाएवढी होती. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने आपला स्वतःचा चौकोन काढला आणि मुकाट्याने काळा करत बसला. समोर बुद्धाची मूर्ती. दर महिन्याला सुरुवातीला आम्ही इथे पंचशील म्हणतो, त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. माझी मान वर झाली नाही, पण पेनाचं टोपण लावून मी कागद जमा करून टाकला. मामाचा चौकोनही मी काढला नव्हता.

पुढच्या तिसऱ्या रविवारपर्यंत साखरपुड्याची तारीख ठरली. त्याच्या पुढचाच रविवार. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, मी वेळेवर सावध झाले म्हणून. त्याला हे मुळातच पटलेलं नव्हतं, पण माझ्या माहेरच्या भानगडीत तो तोंड घालत नाही.

त्या रविवारी मॅडमनी सगळे कागद भिंतीवर ओळीने चिकटवले होते. सव्वीस घरं. ती वांगणीची बाई परत आली होती, परत एकटीच, परत शेवटच्या रांगेत. मॅडमनी आधी चौकोन दाखवले, कोणत्या घरात आजार कसा उतरलाय ते समजावलं. मग थांबल्या. चष्मा काढून पुसला. त्या रागावलेल्या नव्हत्या, जरा गोंधळलेल्याच वाटल्या.

"एक गोष्ट मला कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "या सव्वीस घरांमध्ये काका आहेत, आत्या आहेत, मामा पण थोडे आहेत. मावशी एकाही घरात नाही. असं कसं झालं?"

आधी एक-दोघी हसल्या. मग कुणीच हसेना. मी भिंतीकडे बघितलं. खरंच, प्रत्येक कागदावर पोराच्या आईचा गोल एकटा. सिंधी घरं, आमची बौद्ध घरं, वांगणीकडची शेतकरी घरं, सगळ्यांनी एकाच प्रकारे खोटं लिहिलं होतं. काही कागदांवर त्या जागी व्हाइटनर होतं. सोळा वर्षं दुसऱ्यांचं व्हाइटनर शोधणारी बाई मी, आणि मला आजूबाजूला पंचवीस जणी दिसल्या नाहीत. काकांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. पुढच्या रांगेतली एक जण पिशवीत काहीतरी शोधायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. जिच्या तिच्या घरात कुणीतरी लग्नाची होती, किंवा नुकतीच लग्न झालेली होती, आणि चौकशीला कान सगळीकडे असतात.

मग मागे खुर्ची सरकली. ती बाई उभी राहिली. मला वाटलं, आता ही सगळ्यांची नावं घेणार.

"मी मावशी आहे," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचा कागद या भिंतीवर आहे. त्यात मी नाही, मी मागच्या वेळीच बघितलं."

कोणता कागद ते तिने सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

"मला मुलगा आहे. चार वर्षांचा. जमिनीवरून उठताना तो मांडीवर हात ठेवून, हळूहळू वर चढल्यासारखा उठतो. बहिणीला दाखवलं तर ती म्हणाली, लहान आहे, होईल नीट. मी इथे विचारायला आले होते, तुमची मुलं पण सुरुवातीला अशीच उठायची का."

त्या हॉलमधल्या प्रत्येक आईला त्याचं उत्तर माहीत होतं. शेवटी काका उठले, तिच्याजवळ गेले, "अदी, बैठो" म्हणाले आणि स्वतःची खुर्ची तिच्यासमोर ओढून बसले. मॅडम धावत तिच्याकडे गेल्या. मी जागची हलले नाही. एक महिनाभर मी त्या बाईला शिव्या घातल्या होत्या. वडा न खाणारी म्हणून, छत्री चोळणारी म्हणून. बाईच्या घशाखाली वडा कसा उतरणार होता?

मी नवऱ्याला सांगितलं, तू याला घेऊन घरी जा, आणि तशीच आईकडे गेले. दुपारचे दोन वाजले असतील. आईने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. तिने माझा दंड धरला. आठ दिवसांवर आलंय, म्हणाली, आता कशाला, पोरगी आनंदात आहे, एवढा आठवडा जाऊ दे. मी हात सोडवून घेतला. मला तिचा राग आला आणि दयाही आली, कारण आपल्या भावाला पोलिओ होता असं सांगतच ती म्हातारी झाली होती.

धाकटी आतल्या खोलीत साखरपुड्याच्या ब्लाउजला हुक लावत होती. मी तिच्यासमोर पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं. आजार आईकडून येतो. माझ्यात आहे. तुझ्यात असेल किंवा नसेल. मामाचा पोलिओ खोटा. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, मी लपवलं. सांगता सांगता माझं रडू फुटलं. ती हुक लावत राहिली, सुई तोंडात धरून. शेवटचा हुक झाल्यावर तिने दोरा तोडला.

"मला माहीत आहे, ताई," ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी पडून माझ्या मुलाचा पाय मोडला होता, तेव्हा मीच तिला घरी पिटाळलं होतं फाइल आणायला. विमा कार्ड शोधताना तिला मागच्या कप्प्यातली चिठ्ठी सापडली. तिने मोबाइलवर चिठ्ठीचा आणि मुलाच्या रिपोर्टचा फोटो काढला, चिठ्ठी पुन्हा चार घड्या घालून होती तिथे ठेवली आणि फाइल आणून माझ्या हातात दिली. त्याच महिन्यात सुट्टी टाकून मुंबईला जाऊन स्वतःची तपासणी करून आली. एकटी. त्यानंतर रोज तिने माझ्या पोराला उचललं, रोज माझ्या हातचा चहा प्यायली आणि वाट बघितली.

"मला वाटायचं, आज सांगशील," ती म्हणाली. "स्थळ आलं तेव्हा वाटलं, आता तरी सांगशील. गेल्या महिन्यात तो मला म्हणाला, मावशी, आईने तुला कागदावर काढू दिलं नाही. तेव्हा मी वाट बघणं सोडलं."

मी विचारलं, त्या मुलाला? म्हणाली, तारीख ठरायच्या आधीच त्याला सगळं सांगितलं, रिपोर्ट दाखवला. त्याने दोन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी स्वतः येऊन हो म्हणाला. तिचा आवाज तेवढ्यापुरता मऊ झाला. मग मी जे विचारायचं ते विचारलं.

"रिपोर्ट काय आला?"

तिने ब्लाउजची घडी केली. माझ्याकडे बघितलं, आणि मी टेबलापलीकडच्या माणसांकडे बघते तशी ती बघत नव्हती, तिची नजर सरळ होती.

"ते मी तुला नाही सांगणार," ती म्हणाली. "तू कुणाला सांगशील, कुणापासून लपवशील, मला काय माहीत?"

साखरपुडा झाला, लग्न झालं. माझा मुलगा दोन्ही वेळा पहिल्या रांगेत होता, तिनेच सांगितलं होतं तसं. ती अजूनही रविवारी त्याचे केस कापायला येते, हसते, जेवून जाते. आता तिला पाचवा महिना आहे. मी काही विचारत नाही, आणि ती काही सांगत नाही.